चवीची वाटी

वजन कमी कर असं सांगणारी माणसं दादाला आयुष्यभर भेटली होती. शाळेतले मास्तर, बेकरीसमोरचा चष्मेवाला, पॅन्टची कंबर दर वर्षी सैल करून देणारा शिंपी आणि न चुकता सासूबाई. दादा सगळ्यांचं हसून ऐकून घ्यायचा आणि जाताना प्रत्येकाच्या हातावर एक गरम बिस्किट ठेवायचा. सुकलेल्या बेकरीवाल्याकडून पाव कोण घेईल, असं त्याचं म्हणणं होतं आणि बिस्किट तोंडात असलेल्या माणसाला ते पटायचंही.

या वेळी मात्र सांगणारी होती मोठ्या हॉस्पिटलातली किडनीची डॉक्टरीण. तिच्यापुढे बिस्किटाची मात्रा चालणार नव्हती.

दादाच्या धाकट्या बहिणीला घरीदारी सगळे चिमणी म्हणत. आईवडील लवकर गेले तेव्हा ती एवढीशी होती. दादाने तिला बेकरीतच वाढवलं. भट्टीच्या उबेला मैद्याच्या पोत्यांवर ती झोपायची आणि उठली की केसांपासून नखांपर्यंत पांढरी असायची. आता ती शाळेत गणित शिकवत होती आणि दोन वर्षांपासून तिच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मधल्या दिवसांत पाणीसुद्धा मापून. दादाने आपली एक किडनी द्यायचं ठरवलं, म्हणजे ठरवायला त्याला पाव शेकायला लागतो तेवढाही वेळ लागला नव्हता. रक्त जुळलं, बाकीच्या तपासण्या जुळल्या. मग डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवलं.

"सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "फक्त तुम्ही जास्त आहात."

"जास्त म्हणजे?"

"सतरा किलो जास्त. एवढ्या वजनावर मी तुम्हाला टेबलवर घेणार नाही. पुढे एका किडनीवर तुम्हाला जन्म काढायचाय, तिच्यावर एवढा भार नको."

"एवढंच ना? दोन महिन्यांत उतरवतो."

"दोन महिन्यांत उतरवलेला माणूस मला चालत नाही. हळूहळू उतरा, नीट खाऊन उतरा. मात्र वर्षाच्या आत. बहिणीच्या हाताची डायलिसिसची शीर आत्ताच कुरकुरायला लागली आहे, मला तिच्यावर फार दिवस विसंबायचं नाही."

बाहेर बाकावर चिमणी बसली होती. "काय म्हणाल्या?" तिने विचारलं.

"किडनी पसंत आहे म्हणाल्या. डबा मोठा आहे." दादा हसला. चिमणीही हसली, पण तिचा हात दादाच्या बाहीला धरूनच राहिला.

आहारतज्ज्ञ बाई वयाने लहान आणि बोलायला सरळ होत्या. त्यांनी हिशोब मांडला. दादाच्या शरीराला दिवसाला अमुक इतक्या कॅलरी लागतात, त्यापेक्षा पाचशे कमी खायच्या. रोज. एक दिवस हजार कमी आणि दुसऱ्या दिवशी मेजवानी, असलं काही नाही. जे पोटात जाईल ते आधी तोलायचं, मोबाइलमध्ये लिहायचं आणि वाट बघायची. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर देवाचे आभार मानायचे.

दादाला हायसंच वाटलं. मोजायचं? ते तर त्याचं रोजचं काम. मिठाची चिमूटसुद्धा काट्यावर टाकल्याशिवाय तो पिठात घालत नसे. त्याने दुकानातला जुना काटा घासूनपुसून घरी आणला आणि ओट्यावर ठेवला. भात तोलला, उकडलेली अंडी तोलली, पावाचा तुकडा तोलला आणि मैद्याने माखलेल्या अंगठ्याने मोबाइलवर आकडे दाबले.

"माझं मन पण घाला एकदा काट्यावर," त्याची बायको, चिमणीची वहिनी, म्हणाली. "किती जड झालंय ते तरी कळेल." पण दुसऱ्या दिवसापासून तीच भाजीत तेल घालण्याआधी चमचा काट्यावर धरायला लागली.

दादाचा स्वभाव मात्र आडवा आला. भट्टी नीट तापू द्यायची, पीठ नीट फुगू द्यायचं, हे हातांना ठाऊक असलेला माणूस स्वतःच्या पोटाच्या बाबतीत उतावळा निघाला. पाचशे कमी केल्याने अर्धा किलो उतरतो, तर हजार कमी केल्याने एक उतरेल, असं त्याने कुणाला न सांगता ठरवलं आणि पोटाला चिमटा घ्यायला सुरुवात केली. एका सकाळी भट्टीपुढे त्याच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. पावांचा ट्रे हातातून निसटला आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजला.

डॉक्टरीणबाईंनी पट्टीकडे पाहिलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "पुन्हा असं केलंत तर दाता म्हणून मी तुमचं नाव काढून टाकीन. मग उतरलात काय आणि चढलात काय, मला फरक पडणार नाही."

दादाने कानाला खडा लावला. आता तो ठरलेलं तेवढं खाऊ लागला, वेळेवर, चावून चावून. भुकेचं म्हणाल तर ती काही गेली नाही. चार वाजले की तिचं तोंड सुरू व्हायचं. पण त्या वेळेला शाळा सुटून चिमणी बेकरीत यायची. दिवसभराचं पाणी ती सकाळीच एका बाटलीत भरून घ्यायची. चहा घेतला तर तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं, सूप घेतलं तर तेवढं. प्यायची ती बोटभर स्टीलच्या पेल्यातून. घोट घ्यायचा, गिळायचा नाही, गालात फिरवायचा आणि डोळे मिटून बसायचं.

"भुकेचंही तसंच कर," ती म्हणाली. "लगेच गिळू नकोस. तोंडात आहे तोवर आपलं आहे."

"गणिताच्या बाई मला सफरचंद खायला शिकवणार."

"शिक. इतकी वर्षं नुसतंच गिळलंस."

दोघं मैद्याच्या पोत्यावर शेजारी शेजारी बसत. तिच्या हातात पेला, त्याच्या हातात सफरचंदाच्या चार फोडी. गिऱ्हाईक आलं की दादा उठायचा, आणि परत येईपर्यंत चिमणी त्याच्या फोडींवर हात धरून बसायची. खरं सांगायचं तर त्या वर्षातला दादाचा सगळ्यात सुखाचा वेळ तोच होता. लहानपणी तिला कडेवर घेऊन तो पाव विकायचा, त्यानंतर इतका वेळ ती त्याच्याजवळ कधी बसलीच नव्हती.

वजन उतरत होतं. पट्ट्याला नवं भोक पडलं, मग अजून एक. शिंपी आनंदाने पॅन्ट आत घ्यायला लागला. सतरातले नऊ किलो गेले. आणि मग काटा जो थांबला तो थांबलाच.

एक आठवडा हलला नाही, दादाने मनावर घेतलं नाही. दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात वजन पाव किलोने वर गेलं. ते केकच्या मोठ्या ऑर्डरींचे दिवस होते, दादा दिवसभर क्रीममध्ये बुडालेला असायचा, तरी जेवणातला एक घासही त्याने वाढवला नव्हता. दीड महिना झाला तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी त्याचा मोबाइल वरपासून खालपर्यंत पाहिला.

"हे जर सगळं असेल तर वजन उतरायलाच हवं," त्या म्हणाल्या. "काहीतरी लिहायचं राहतंय."

"मी खोटं लिहितो?"

"खोटं म्हटलं नाही मी. राहतंय म्हटलं."

"बहिणीच्या जिवाचा प्रश्न आहे बाई. तिथे मी खोटं लिहीन?" दादाचा आवाज इतका चढला की बाहेरच्या बाकावरची माणसं आत बघायला लागली. दादा मोबाइल उचलून बाहेर पडला आणि रस्त्याला लागल्यावर त्याचे कान लाल झाले. इतक्या चांगुलपणाने वागून आपल्यावर हा ठपका, हे त्याला फार लागलं. त्याहून जास्त लागलं ते डॉक्टरीणबाईंचं बोलणं. चिमणीची शीर आता बंदच पडली होती, कशीबशी चालू केली होती, आणि आणखी किती दिवस, ते त्या सांगायला तयार नव्हत्या.

त्या दिवशी चिमणी आली तेव्हा दादा भल्यामोठ्या पातेल्यात क्रीम घोटत होता. त्याने मान वर केली नाही. तिने दोनदा विचारल्यावर त्याने काय झालं ते सांगितलं. आहारतज्ज्ञ बाईंना चार शब्द ऐकवले, काट्याला ऐकवले, स्वतःच्या आडदांड हाडांनाही सोडलं नाही. चिमणी पोत्यावर बसून ऐकत होती. आणि ऐकता ऐकता बघत होती.

दादाने क्रीमच्या चमच्याचं टोक जिभेला लावलं. थोडी साखर घातली. पुन्हा लावलं. मग बिस्किटांच्या कच्च्या पिठाची गोळी चिमटीत घेऊन तोंडात टाकली, चघळली, मान हलवली. ताज्या ट्रेमधलं एक बिस्किट मोडलं, आतून शेकलंय का पाहिलं आणि अर्धं खाल्लं. चॉकलेटच्या भांड्यात करंगळी बुडवली. आणि हे सगळं करताना त्याचं गाऱ्हाणं एका दमात चालू होतं.

"दादा, आत्ता तोंडात काय घातलंस?"

"कुठे काय?"

"आत्ता. करंगळीने."

"ते होय. चव बघितली."

"लिहिलीस?"

दादा तिच्याकडे बघतच राहिला. "चव काय लिहायची? ते काम आहे माझं. मी काय खातोय का?"

चिमणीला हसू फुटलं. इतकं की तिने पेला खाली ठेवला. आणि मग हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"तुला माझा बर्फ आठवतो?" तिने विचारलं.

दादाला आठवत होता. कसा विसरेल? डायलिसिस सुरू झालं त्या पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी चिमणीला श्वास घेता येईना. अंग सुजलेलं, ओठ निळे. दादाने तिला उचलून टॅक्सीत घातलं होतं आणि रस्ताभर तो तिचं नाव घेत होता. छातीत पाणी भरलं होतं. पाणी किती प्यालीस, असं डॉक्टरांनी दहा वेळा विचारलं आणि तिने दहाही वेळा शपथेवर सांगितलं, बाटलीबाहेरचा एक थेंब नाही. ते खरंच होतं. फक्त तहान मारायला ती दिवसभर बर्फाचे खडे चघळत होती. बर्फ काय कुणी पितं?

"गणित शिकवते मी," चिमणी म्हणाली. "आणि बर्फाचं पाणी होतं हे मला नर्सने सांगितल्यावर कळलं."

"अगं, पण एवढ्याशा चवीने काय होतंय? नखाएवढी तर असते."

"मग बघू या ना."

तिने फळीवरची एक वाटी काढली, पुसली आणि पातेल्याशेजारी ठेवली. जे तोंडात जाणार ते वाटीत जायचं, तेवढंच, ना कमी ना जास्त. दादाने तिची समजूत काढल्यासारखी मान हलवली आणि कामाला लागला. पण सवयीचा हात तो, बोट भांड्यातून निघून आपसूक तोंडाकडे जायचं. चिमणी ते वाटेतच पकडायची आणि वाटीच्या काठावर पुसून घ्यायची. क्रीम, कच्चं पीठ, लोणी, मोडलेल्या बिस्किटाचा अर्धा तुकडा, केकची कापून काढलेली कड, जी टाकून कशी द्यायची म्हणून तो रोज उभ्याउभ्या संपवायचा. सुरुवातीला दादाला गंमत वाटली. मग तो दर वेळी वाटीत डोकवायला लागला. दुकान बंद करायच्या आत वाटी शिगोशीग भरली होती.

चिमणीने ती काट्यावर ठेवली नाही. तो मान त्याचा होता. दादाने वाटीचं वजन वजा केलं, मोबाइलवर लोणी, साखर, मैदा असं एकेक दाबलं, आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"किती?"

"पाचशेच्या आसपास," दादा म्हणाला. "रोज जेवढं कमी खायचं, जवळजवळ तेवढंच."

भूक लागली की चव बघायला हात जास्त वेळा जातो आणि केकच्या ऑर्डरी असल्या की आणखीच, हेही त्याला तिथे उभ्याउभ्या उमगलं. तो पोत्यावर खाली बसला. हा धिप्पाड माणूस आईवडिलांच्या वेळी रडला नव्हता, कारण तेव्हा कडेवर चिमणी होती. आता त्याने तोंडावर ॲप्रन धरला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"माझ्या जिभेपायी तुझा दीड महिना गेला गं."

"माझ्या बर्फापायी तुझा जीव जायची वेळ आली होती टॅक्सीत. फिटलं." ती त्याच्या शेजारी बसली. मग पेल्याशी चाळा करत म्हणाली, "दादा, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांग."

"काटा थांबला तेव्हा मला वाटलं, तुला मनातून नको असेल. तू तोंडाने कधी म्हणणार नाहीस, म्हणून अंगच अडवत असेल. आणि तसं असतं तरी मी तुला एका शब्दाने विचारलं नसतं. वहिनीलाही सांगणार होते की राहू दे."

दादाने ॲप्रन खाली घेतला. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच. "येडी आहेस का तू?"

"आहे," चिमणी म्हणाली आणि तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. दादाच्या खांद्याचा मैदा तिच्या केसांना लागला.

आता प्रश्न उरला चवीचा. इतक्या वर्षांत स्वतःच्या जिभेवरून गेल्याशिवाय दादाने दुकानातून काही बाहेर पाठवलं नव्हतं. चिमणीचा उपयोग नव्हता. आजारापासून तिला सगळंच लोखंड चाटल्यासारखं लागायचं. शेवटी वहिनीने पदर खोचला. दादा क्रीम घोटायचा, चमचा तिच्या तोंडाशी न्यायचा आणि परीक्षेला बसल्यासारखा तिच्या चेहऱ्याकडे बघायचा. ती सावकाश डोळे मिटायची, सावकाश उघडायची. आयुष्यात पहिल्यांदाच नवरा आपल्या तोंडातून शब्द बाहेर पडायची एवढी वाट बघतोय म्हटल्यावर ती घाई कशाला करेल?

"साखर जास्त आहे," ती म्हणाली.

"नेहमीइतकीच आहे."

"मग नेहमीच जास्त असते."

दादाने मन घट्ट करून साखर कमी केली. चार दिवसांनी समोरचा चष्मेवाला सांगून गेला की बिस्किटं हल्ली फार छान होतात. दादा दिवसभर कुणाशी धड बोलला नाही. पण काटा हलला. आठवड्याला अर्धा किलो, कधी थोडं कमी, कधी दोन आठवडे रुसून मग एकदम. दादाने आता त्याच्यावर डाफरणं सोडून दिलं होतं. आहारतज्ज्ञ बाईंकडे तो बिस्किटांचा पुडा घेऊन गेला, माफी मागितली आणि पुड्यावर कॅलरींचा आकडा लिहून दिला. इकडे दादा उतरत होता आणि तिकडे वहिनी हळूहळू चढत होती. घरातलं एकूण वजन काही कमी झालं नाही, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. शिंप्याची चांदी झाली.

शेवटच्या वजनाच्या दिवशी दादाने बूट काढले, पट्टा काढला, घड्याळ काढलं, खिशातल्या किल्ल्या काढल्या आणि शर्टाच्या गुंड्यांना हात घातला तेव्हा नर्स म्हणाली, "राहू द्या हो काका, शर्टाचं आम्ही समजून घेऊ." काट्यावर चढताना त्याने श्वास रोखून धरला. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला, कागदावर लिहिला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसल्या.

"आता तुम्ही बेताचे झालात," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. दोघांची झाली आणि दोन्ही नीट झाली. तिसऱ्या दिवशी दादाला चालायची परवानगी मिळाली, तशी तोंडाला मास्क लावून, एक हात टाक्यांवर दाबून आणि दुसरा वहिनीच्या खांद्यावर ठेवून तो चिमणीच्या खोलीशी आला. पाचएक पावलांचा रस्ता, पण त्याला घाम फुटला.

चिमणी उशांना टेकून बसली होती. तिच्या ओठांचा रंग बदलला होता. तो रंग दादा विसरूनच गेला होता. खाटेशेजारी पाण्याचा मोठा जग होता आणि त्याच्या बाजूला नर्स कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तुम्हीच सांगा आता यांना," नर्स म्हणाली. "नवी किडनी चालायला हवी तर पाणी प्यायला नको? हा जग संध्याकाळपर्यंत संपवायचाय. आणि या बघा काय करतायत."

चिमणीच्या हातात तिचा तो बोटभर पेला होता. घरून आणलेला. तिने एक घोट घेतला होता, गालात धरला होता आणि ती डोळे मिटून बसली होती. सवयीचा घोट तो, उतरायचं नाव घेत नव्हता.

दादाने तिच्या हातातून पेला काढून घेतला. जग उचलायला गेला तर टाके ओढले गेले, वहिनीने हात लावला, तेव्हा कुठे मोठा काचेचा ग्लास भरला.

"घे."

चिमणीने ग्लासकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "सगळं?"

"सगळं."

"मोजायचं नाही?"

"मोजायचंय ना. नर्सबाई लिहून घेतायत." दादाने ग्लास तिच्याजवळ नेला. "पण आता कमी पडू नये म्हणून."

तिने ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावला. आधी जपून, मग घटाघटा. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, हॉस्पिटलच्या झग्यावर सांडलं, तरी ती थांबली नाही. ग्लास रिकामा झाला तेव्हा तिला धाप लागली होती. तिने तोंड पुसलं नाही. लहानपणी दूध संपवून करायची तसा तिने ग्लास पुढे केला.

"अजून," ती म्हणाली.

दादा हसायला लागला, टाके दुखले म्हणून कण्हला, आणि रडत रडत त्याने दुसरा ग्लास काठोकाठ भरून तिच्या हातात दिला.